पाडव्याचं घड्याळ

३ ऑक्टोबर १९९७, शुक्रवार

घड्याळ १९७० चंच हवं. एकोणसत्तरचं नको, एकाहत्तरचं नको. बाबांनी जेवताना जाहीर केलं. सलीलचं लग्न डिसेंबरात आहे. त्याआधी त्याच्या जन्मसालात बनलेलं ओमेगा शोधून काढायचं, आणि शोधायचं मी. ‘तुला यंत्रातलं कळतं.’ एरवी माझ्या नोकरीला बाबा ‘शर्वरीचं ते मोजमाप’ म्हणतात. कॅलिब्रेशन हा शब्द त्यांनी तीन वर्षांत एकदाही उच्चारलेला नाही.

सलील ह्यूस्टनला. त्याला तिथे हवं ते घड्याळ मिळेल. आता इथे अलकापुरीतसुद्धा मिळतं, काचेच्या शोरूममध्ये, एसीत. पण नवं नको! घराण्याची पद्धत आहे म्हणे. नानांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, बाबांना त्यांच्या जन्मसालाचं दिलं, आता बाबा सलीलला देणार. मुलाला द्यायचं.

दोन बिंदूंतून एक सरळ रेषा नेहमीच जाते. तेवढ्यावर नियम ठरत नाही.

५ ऑक्टोबर

समोरच्या सोसायटीत गरब्याचा माईक. घरात बाबांची गोष्ट. आज पाहुण्यांना सांगितली, म्हणजे मी पुन्हा ऐकली.

नाना संस्थानात खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या खरेदीवर, होते. मुंबईला गेले की युरोपियन दुकानांतून माल पारखून आणत. छत्तीस साली बाबा झाले, त्या वर्षी बनलेलं ओमेगा त्यांनी आणून ठेवलं. मग बाबा थोडे मोठे झाल्यावर एका गुढीपाडव्याला, गुढी उभारल्यावर, ते स्वतः बाबांच्या मनगटाला बांधलं. ‘कडुनिंबाचा पाला अजून तोंडात होता माझ्या.’ हे वाक्य कधी चुकत नाही. मग बाबा घड्याळ काढून उलटं करून दाखवतात. मागे कोरलंय — पाडवा. एवढंच. पाहुणे म्हणतात, वा.

आजचे पाहुणे म्हणाले, जरा लहानच आहे नाही? बाबा म्हणाले, त्या काळी पुरुषांची घड्याळं अशीच असायची.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाणीगेटला गेलो. बाबा आणि मी, स्कूटरवर. धनाजीरावांचं जुन्या घड्याळांचं दुकान. बोलतात मराठी, पण प्रत्येक वाक्य गुजराती ‘जुओ ने’नं, म्हणजे ‘बघा ना’नं, सुरू. त्यांनी निळ्या मखमलीवर एक ओमेगा ठेवलं. स्टीलचं, पांढरी तबकडी, काटे बारीक. सुंदर आहे. हे इथे लिहायला हरकत नाही, तिथे मी काही बोलले नाही.

धनाजीराव म्हणाले, सत्तरचं, डोळे मिटून घ्या. मी म्हटलं, डोळे उघडून बघते. त्यांनी पाठ उघडली. आतल्या यंत्रावर नंबर असतो, आणि कुठल्या नंबरपर्यंत कुठलं साल याचा कंपनीचा तक्ता त्यांच्याकडे आहे, झेरॉक्सची झेरॉक्स. भिंगातून नंबर वाचला, तक्त्यात बोट सरकवलं. सत्तर नव्हे.

‘त्र्याहत्तर,’ मी म्हटलं.

धनाजीराव मुळीच ओशाळले नाहीत. ‘जुओ ने, तीन वर्षांनी काय होतं? मुलाला कोण सांगणार आहे?’ बाबा माझ्याकडे बघत होते. मी तक्ता त्यांच्यासमोर सरकवला.

‘मग काय उपयोग,’ बाबा म्हणाले, आणि ते घड्याळ दोन बोटांनी बाजूला सारलं.

माझं जन्मसाल त्र्याहत्तर. बाबांच्या बोटांखाली होतं. मला वाटलं, आता त्यांच्या लक्षात येईल. नाही आलं. धनाजीरावांनीच विचारलं, ताईंचं साल कुठलं? बाबांनी परस्पर उत्तर दिलं — तिचं नाही हो, मुलाचं लग्न आहे.

परत येताना मांडवीच्या गर्दीत स्कूटर अडकली. बाबा मान मागे वळवून म्हणाले, ‘त्र्याहत्तर म्हणजे गं, आपली ही स्कूटर आली ते साल!’

स्कूटरचं साल त्यांना पाठ आहे.

१३ ऑक्टोबर

आईला सगळं कळलंय. तिनं भाजी फोडणीला टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, तुझं ठरू दे, मग जावयाच्या सालाचं शोधू.

म्हणजे माझ्या सालाचं घड्याळ या घरात येऊ शकतं. नवरा त्र्याहत्तरचा मिळायला हवा.

१९ ऑक्टोबर, रविवार

सत्तरचं मिळत नाही. धनाजीरावांनी अहमदाबादला, मुंबईला फोन केले. एक निघालं, त्याची तबकडी रंगवलेली होती. मी नको म्हटलं. बाबा चिडले — तुझ्या काटेकोरपणापायी काही व्हायचं नाही. चार दिवसांपूर्वी हाच काटेकोरपणा पाहुण्यांना कौतुकानं सांगत होते.

आज नवा निर्णय. बाबा स्वतःचं घड्याळ सलीलला देणार. ‘नानांचं माझ्याकडे, माझं त्याच्याकडे. यापेक्षा मोठं काय?’ आईचे डोळे भरून आले. सलीलला फोन लावला. तो म्हणाला, ग्रेट, बाबा, पण मी आता घड्याळ वापरत नाही फारसं. बाबांनी तेवढं ऐकलं नाही. किंवा ऐकलं.

घड्याळ आतून स्वच्छ करून, तेलपाणी करून आणायचं काम माझ्याकडे. मनगटावरून काढलं तिथे बाबांच्या हाताला पांढरा पट्टा उमटलेला. माझ्या हातात देताना म्हणाले, जपून. मी रोज कारखान्यात याच्यापेक्षा नाजूक वस्तू हाताळते!

२१ ऑक्टोबर

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत व्हर्नियर लावला. व्यास सव्वीस मिलिमीटर. सहज मोजलं. समोर आलेली वस्तू मोजायची सवय.

मग आमच्या लायब्ररीतल्या जुन्या कॅटलॉगमध्ये बघितलं. तीसच्या दशकातली पुरुषांची घड्याळं लहान असत, खरं आहे. पण इतकी नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

धनाजीरावांकडे घड्याळ उघडलं. ते म्हणाले, जुओ ने, हे तर लेडीज. मी म्हटलं, जुनं आहे. ते म्हणाले, जुनं लेडीज.

नंबर मी वाचला. तक्ता मीच बघितला. १९३३. पुन्हा वाचला. तक्ता अंदाजे असतो, साल एखादं इकडेतिकडे होऊ शकतं. तीन होत नाहीत. आणि तीच चूक मी बारा तारखेला या दुकानात चालवून घेतली नव्हती.

बाबा छत्तीसचे. तेहतीसची मंदाआत्या. बाबांची मोठी बहीण.

२६ ऑक्टोबर

नानांना दुकानात जे मिळालं ते त्यांनी घेतलं असेल. तीन वर्षं पडून राहिलेला माल. शक्य आहे.

बायकांचं घड्याळ, मुलासाठी? शक्य नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

चकलीचा सोऱ्या मी फिरवत होते. आई शेव तळत होती आणि दिवस बोटांवर मोजत होती. उद्या लक्ष्मीपूजन, मग एक दिवस मोकळा, मग पाडवा. ‘पाडव्याला आपण दोघींनी बाबांना ओवाळायचं, लवकर आवर, लोळत पडू नकोस.’

मी सोऱ्या फिरवायची थांबले. आई म्हणाली, तुटली बघ.

दिवाळीचा पाडवा! पाडवे दोन आहेत. चैत्रातला गुढीचा, आणि हा. या पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि मुलगी बापाला. बाप मुलीच्या ताटात ओवाळणी घालतो. मुलाला या दिवशी काहीच मिळत नाही. मुलगा नुसता फराळ खातो.

घड्याळाच्या पाठीवर ‘गुढी’ कोरलेलं नाही. कधीच नव्हतं. सगळे वाचताना ते लावून वाचत होतो.

बाबांचा घोटाळा झालाय. लहानपणी हातात आलं, मागे शब्द दिसला, त्यांनी जवळचा अर्थ लावला. मग कडुनिंब वगैरे चिकटलं. माणसांचं असं होतं. काटा वाकडा असेल तरी ती वर्षानुवर्षं त्याच आकड्यावर विश्वास ठेवतात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आत्याकडे फराळाचा डबा घेऊन गेले. पाणीगेटच्या आतल्या गल्लीतलं तिचं दोन खोल्यांचं घर. काका गेल्यापासून एकटीच असते. शेजारच्या गुजराती सुना तिच्याकडून पुरणपोळी शिकतात आणि तिला ‘मंदामासी’ म्हणतात.

घड्याळ माझ्या पर्समध्ये होतं. मी काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटं केलं नाही. सरळ कानाला लावलं.

‘चालतंय की,’ म्हणाली.

मग बोलली. मी खोदून विचारलं नाही, तिनेच सांगितलं, चिवडा डब्यात काढता काढता. पहिली मुलगी झाली म्हणून नानांनी त्या साली मुंबईहून आणलं. ती बारा वर्षांची झाल्यावर पाडव्याला ओवाळणीत घातलं. वर्गात कुणाकडे घड्याळ नव्हतं, मास्तर तिला वेळ विचारायचे. सोळाव्या वर्षी लग्न झालं. निघताना आजीनं हातातून काढून घेतलं — एकत्र कुटुंबात जातेस, हरवेल, माझ्याकडे ठेव. नाना तेव्हा नव्हते. पहिल्या दिवाळीला माहेरी आली तर आजी म्हणाली, ते घड्याळ हरवलं गं. आणि पुढच्या वर्षी भाऊबीजेला शरदनं, म्हणजे बाबांनी, ओवाळून घ्यायला हात पुढे केला, त्या हातात होतं.

‘तू काही बोलली नाहीस?’

‘ओवाळत होते ना मी. निरांजन होतं हातात.’

त्यानंतर दर भाऊबीजेला. अठ्ठेचाळीस वर्षं असतील. मी हिशेब केला आणि मग केल्याचा राग आला.

मी म्हटलं, मी बाबांना सांगते, त्यांना माहीतच नाही. आत्या चटकन म्हणाली, ‘मुळीच नाही. नानांनी त्याच्यासाठी आणलं असं वाटतं त्याला. तेवढं एकच नानांचं त्याच्याकडे आहे. वाटू दे.’ घड्याळ परत माझ्या हातात दिलं. पदरानं काच पुसून मग दिलं.

दारापर्यंत आली. ‘तुझ्या सालाचं मिळालं म्हणे धनाजीकडे?’ पाणीगेटात कुठलीही गोष्ट दोन गल्ल्या पार करते. मी म्हटलं, मिळालं. पण सत्तरचं हवं होतं.

ती हसली. चांगलं नाही हसली.

१ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

सकाळपासून फाटकाशी ‘साल मुबारक’ चाललंय. गुजराती शेजाऱ्यांचं आज नवं वरस. बाबा सगळ्यांना गुजरातीत उत्तर देतात, आई हिंदीत.

आईनं ओवाळलं, मग मी. बाबांनी ताटात पाकीट ठेवलं. कोऱ्या नोटा, दर वर्षीप्रमाणे. मग म्हणाले, घड्याळ झालं का? मी आणून दिलं. त्यांनी पट्टा बांधला आणि हात लांब धरून बघितलं. ‘उद्या ताई येईल. डिसेंबरपर्यंत तरी वापरतो.’

त्यांना सांगायचं की नाही, हे कालपासून ठरत नाही. आत्याचं नाही म्हणणं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, महिन्याभरात ते सलीलबरोबर ह्यूस्टनला जाईल आणि कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडेल. मग आत्या भाऊबीजेला कशाकडे बघणार?

माझ्या सगळ्या रागात एक गोष्ट धरून आहे. बाबांनी चोरलेलं नाही. ते फक्त चुकले. चुकलेल्या माणसाला बरोबर आकडा सांगता येतो. हेच माझं काम आहे.

२ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

आत्या आली, ओवाळून, जेवून गेली. बाबांनी तिला रिक्षापर्यंत पोचवलं. परत आल्यावर मी त्यांना फक्त आकडा सांगितला. घड्याळ तेहतीसचं निघालं, छत्तीसचं नाही, तेव्हा सलीलला देताना ‘माझ्या जन्मसालाचं’ म्हणू नका. आत्याचं नाव घेतलं नाही.

बाबा चावी देत होते. बोटं थांबली नाहीत.

‘माहीत आहे,’ म्हणाले. ‘ताईला बोलू नकोस. तिला वाटतं, ते हरवलं.’