अलिबागच्या पुळणीवरची हौशी स्वारी

अलिबाग, पौष शुद्ध त्रयोदशी

तीर्थस्वरूप अंबाजीदादांच्या चरणी धाकट्या राहीचा दंडवत. इथे आम्ही सगळे जिवंत आहोत, यावरून काय ते समजावं. तुमचा दमा कसा आहे? वहिनींच्या गुडघ्यासाठी निरगुडीचं तेल धाडलं होतं, ते पोचलं का? (या खेपेला बाटलीवर ठळक 'औषध' लिहिलं आहे. मागल्या खेपेची बाटली तुम्ही भाजीत ओतलीत.) इकडच्या प्रकृतीबद्दल तिकडे तळे गावात कुणी काही बोललं असेल, तर त्यातलं निम्मंच खरं माना. डावी टाच सोलवटली आहे आणि सदऱ्याला सुकटीचा वास येतो, एवढंच.

झालं असं, की इथल्या एका पेन्शनर रावसाहेबांच्या मनात आलं, अलिबागच्या पुळणीवर मोटारसायकलींच्या शर्यती व्हाव्यात. ओहोटी लागली की ओल्या वाळूत बांबू रोवून लांबट गोल आखायचा आणि सारखं डावीकडे वळत आठ फेऱ्या मारायच्या. लगेच कमिटी झाली. कोर्टातल्या कारकुनाला लिहिता येतं, या समजुतीनं इकडची स्वारी चिटणीस झाली. (इकडचं अक्षर इकडेही वाचता येत नाही, हे कमिटीला ठाऊक नव्हतं. साऱ्या कागदांची नक्कल मीच करते, म्हणून नियम मला पाठ आहेत.)

वर्ग पाडले पाच. चार घोड्यांच्या ताकदीवरचं इंजिन असलेल्या हौशींचा, चाराच्या खालच्या हौशींचा, नवशिक्या हौशींचा, वयस्क हौशींचा (यात रावसाहेब एकटेच बसत होते) आणि सगळ्यांत शेवटी धंदेवाईकांचा. गाड्या मात्र साऱ्या मिळून तीन. एक रावसाहेबांच्या गिरगावातल्या जावयाची, नवीकोरी, तोंड पाहून घ्यावं अशी चकचकीत. दुसरी भातगिरणीवाल्या नजमुद्दीनशेठची, जी उतारावर ढकलल्यावाचून सुरू होत नाही, आणि पुळणीला उतार कुठला? तिसरी रेवदंड्याच्या करमअलीची. तो साइडकारमध्ये मासळीच्या पाट्या घालून रोज अलिबागच्या बाजारात येतो. त्याची बायको खतिजा मला कशिदा शिकवते, मी तिची माहेरची पत्रं लिहून देते.

वरच्या हौशी वर्गाला बक्षीस पन्नास रुपये. धंदेवाईकाला पाच रुपये आणि नारळ. हे असं का, म्हणून मी विचारलं, तर इकडून समजावणं झालं, "अगं, हौसेला खर्च किती येतो! पोटासाठी चालवणाऱ्याला चालवण्याचे पैसे रोज मिळतातच की." करमअली नाव द्यायला गेला, तेव्हा मासळीपायी तो धंदेवाईक ठरला. धंदेवाईक तो एकटाच, आणि एकट्याची शर्यत होत नाही, म्हणून तो वर्गच रद्द झाला. कमिटीनं त्याला विनंती केली, की शर्यतीआधी गाडी फिरवून वाळू तेवढी दाबून द्यावी.

दुपारी खतिजा मागल्या दारी येऊन बसली. सुईत दोरा ओवला, पण टाका घातला नाही. "मासळी न्हेणाऱ्याला हौस नसते का गो, राही?" एवढंच म्हणाली.

ती गेल्यावर मी नियम काढून बसले. मोटारसायकलीवर ज्यानं आजवर एक पैसाही मिळवला नाही तो हौशी, असं लिहिलेलं. गाडी कुणाची असावी, याबद्दल अवाक्षर नाही. यादीची नक्कल करायची होतीच. तिच्यात वरच्या हौशी वर्गात आणखी एक नाव घातलं, आणि पुढे लिहिलं, 'गाडी करमअली यांची'. रावसाहेबांनी न वाचता सही केली. दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे यादी मोठ्यानं वाचताना चिटणिसांना आपलंच नाव भेटलं. चारचौघांत 'मला येत नाही' म्हणणं इकडच्या स्वभावात नाही. घरी आल्यावर इकडून गुपचूप करमअलीला निरोप गेला.

मग साइडकार सोडवून ठेवून चार दिवस शिकवणी. "साहेब, डावा पाय वाळूला घासत ठेवा," करमअली सांगे, "न्हाय तर गाडी एकीकडं नि तुम्ही एकीकडं." इकडून डावा पाय नेमानं घासणं होई, चप्पल घालायचं तेवढं राहून जाई.

अष्टमीला शर्यत. आम्ही बायका सुरूंच्या सावलीत होतो. बारा वाजता समुद्र पार मागे गेला होता, तेव्हा सुरुवात व्हायची. पण रावसाहेब हौशी कुणाला म्हणावं यावर बोलायला उभे राहिले, ते साडेतीनला बसले. तोवर भरती पलीकडच्या वळणाला टेकली होती. नजमुद्दीनशेठची गाडी सहा माणसं ढकलत होती. सातव्या फेरीपर्यंत जावईबापूच पुढे होते. आठवीला वळणावर घोटाभर पाणी आलं. नव्या गाडीला खारं पाणी लागेल म्हणून ते थांबले, उतरले आणि रुमालानं चाक पुसू लागले. करमअलीच्या गाडीला खाऱ्या पाण्याचं काय कौतुक? स्वारी डोळे मिटून (हे मी स्वतः पाहिलं) पाणी उडवत गेली आणि पहिली आली. खतिजा माझा हात इतका घट्ट धरून होती, की दोन बांगड्या फुटल्या.

रावसाहेबांना तेव्हा कुठे आठवलं, की रोख बक्षीस घेणारा हौशी राहत नाही, असाही एक नियम केला होता. जावई पुढे असताना तो त्यांना आठवला नव्हता. कागद आणवला, दोनदा वाचला. त्यात तो नियम नव्हता, खाली सही मात्र त्यांची होती. (नक्कल करताना माझं लक्ष कधीकधी उडतं.) पन्नास रुपये करमअलीनं घेतले, गाडी त्याची आणि शिकवणीही त्याची. इकडे हार आला. त्या दोघांनी तिथेच एकमेकांना मिठी मारली.

वहिनींना नमस्कार, गोदूला गोड पापा.

तुमची,
राही

ता. क. पत्र लिहायला बसले ते खरं यासाठी. हार सुकला तरी इकडे उतरलेला नाही. कोर्टाची नोकरी सोडून मुंबईला शर्यती खेळायला जायचं घाटतं आहे, राजीनाम्याचा मसुदाही झाला आहे. (नक्कल अर्थात माझ्याकडे आली आहे.) इकडे तुमचाच काय तो धाक. तरी एक खरमरीत पत्र धाडा, की मोटारसायकलीला पुन्हा हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे.

आणखी ता. क. पत्राची फार घाई नको, शिमग्यापर्यंत पोचलं तरी चालेल. स्वारी कोर्टात गेली की करमअली बाजारात बसतो आणि गाडी मोकळी असते. काल मी वरसोलीपर्यंत जाऊन आले. खतिजा साइडकारमध्ये होती. जाताना ती ओरडत होती, येताना म्हणाली, "आता तू इथं बस, मी चालवते."