एका वर्षाचे पावणेनऊ तास

३ मार्च
जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात आज रुजू झालो. खिडकीजवळचे टेबल मिळाले! काम मोठे लोभस आहे: संगणकासाठी आज्ञांची स्क्रिप्ट लिहून जुन्या नोंदींच्या तारखा एकसारख्या करणे. संगणकाला तारीख अशी कळतच नाही. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले, एवढा आकडा तो जपतो. म्हणून दोन तारखांमधले अंतर म्हणजे साधी वजाबाकी. हेडक्लार्क म्हणाले, यंत्राला खुशाल शिकवा, आमच्या रजा तेवढ्या मोजू नका. ताईला फोन केला. आईमागे तिनेच मला वाढवले. म्हणाली, तुला घड्याळ शिकवताना मीच रडले होते रे बाळ्या. बोलताना धाप लागत होती.

५ मार्च
जिवंत माणसाचा मृत्यूचा रकाना रिकामा असतो. रिकामे म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. त्यामुळे सारे गाव एकाच दिवशी वारलेले दिसत होते! स्क्रिप्टमध्ये एक अट घालून ते दुरुस्त केले. काही जिवंत माणसांचे रकाने मात्र रिकामे नव्हतेच. समोरच्या दुकानातल्या शिंप्याच्या नावापुढे होते ९ मार्च, सकाळी ११:२०. चूक समजून पुसले. पुन्हा उमटले.

९ मार्च
शिंपी मशीनवरच गेला. अकरा वाजून वीस मिनिटांनी.

१० मार्च
ताईची नोंद उघडली. १४ मार्च, सकाळी ६:१०.
हेडक्लार्कांनी दार लोटून घेतले. म्हणाले, तुमच्या आधीच्यानेही बायकोसाठी खटपट केली होती. आकडा वाढत नाही, एकाचा दुसऱ्याकडे सरकतो, इतकेच. तो आता कुठे असतो, असे विचारले. त्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट दाखवले.

१३ मार्च
लॅपटॉप घेऊन ताईकडे आलो. माझ्याही नोंदीत आकडा होता; त्यातून ३,१५,३६,००० वजा केले, तिच्यात तेवढेच मिळवले. वर्षाचे सेकंद इतकेच असतात. आकडा टिकला. माझी तारीख मुद्दाम पाहिली नाही.

१४ मार्च
सहा दहा उलटले. ताईने चहा मागितला!
मग पडताळले. तिची नोंद नव्या पद्धतीची — सेकंद नव्हेत, सेकंदाचे हजारावे भाग. माझे वर्ष तिच्याकडे जाऊन पावणेनऊ तास झाले. म्हणजे तिची वेळ आता आज दुपारी २:५५. तिला एक वर्ष द्यायचे तर माझी हजार—

दुपारी
ताई म्हणते, खिडकी उघड, संध्याकाळ बघू. आणखी एक वर्ष सरकवले.

संध्याकाळी
ऊन भिंतीवरून उतरले. तिने पाहिले — शेवटपर्यंत. म्हणाली, किती दमलायस, टेक जरा—
अजून एक देतो. माझी तारीख पाहत नाही. एवढी ओळ चालवली की