खडू हातात द्या

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नसावं. तुमच्या हाताखाली शिकलेले बाकीचे तुमचं नाव निघालं की डोळे पुसतात. मी पुसत नाही. मध्य प्रदेशातल्या या आपल्या बालाघाटात तुमच्याइतकं रंगवून इंग्रजी कुणी शिकवलं नाही, हे मीही चारचौघांत सांगते. पण मला तुमच्याशी भांडायचं आहे. शाळेत असताना भांडले, तेवढ्यानं माझं भागलेलं नाही.

तरुणपणी तुम्ही खाणीवर एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून होतात. तिथं कानावर पडलेलं इंग्रजी तुम्ही आम्हाला मोठ्या ऐटीत वाटायचात. त्या दिवशी धड्यात नुसता 'थ्रो' आला आणि तुम्ही पुस्तक मिटलंत. "थ्रो किताब में रहता है. साहब लोग ऐसा नहीं बोलते." मग डोक्यावरची टोपी काढून खिडकीत भिरकावलीत, हे चक. खडू सहज वर उडवून झेललात, हे टॉस. खांद्यावरची पिशवी टेबलावर धाडकन आदळलीत, हे डम्प. वर्ग हसून लोटपोट झाला आहे, शेवटच्या बाकावर मीही पोट धरून हसते आहे, आणि तेवढ्यात तुम्ही मला फळ्याकडे बोलावता. मी सवयीनं ओंजळ पुढे करते. आमच्या वस्तीतल्या पोरांना तुम्ही खडू असाच द्यायचात, वीतभर वरून सोडून. बाकीच्यांना हातात. आमच्या घरी बुद्धाची तसबीर लागून दोन-तीन वर्षं झाली होती, पण तुमच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो. रोजचंच होतं ते, मला काही वाटलंही नसतं. पण तुम्ही खडू वर धरलात आणि वर्गाकडे वळून म्हणालात, "देखो, ये हुआ ड्रॉप."

वर्ग पुन्हा हसला. मी ओंजळ मागे घेतली. खडू फरशीवर पडला आणि मोडला.

"उठा उसे."

"हातात द्या, गुरुजी."

राग आला की तुम्ही हिंदी सोडून घरच्या बोलीवर यायचात. "काहून? आजच शिंगं फुटले का तुले? जोवर उचलत नाही तोवर फळ्याले हात लावू नको. मॅट्रिकले कशी बसतं तेही पाहातो मी!"

घरी मी मायला घाबरत घाबरत सांगितलं. तिला खाणीवर मँगनीजचे दगड निवडायचं काम होतं. चांगला दगड टोपलीत, खराब दगड मागे भिरकावायचा, दिवसभर वाकून. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ती हात धुवत राहिली. मग म्हणाली, "त्यानं टाकला तं त्यालेच उचलू दे. मी गोटे उचलतो ते पोटासाठी. तू कायले उचलशीन?"

"अन् परीक्षेले नाही बसू देल्लं तं?"

"तं येजो माह्यासंगं खाणीवर. पन तो खडू उचलून मॅट्रिक झाली, तं मले सांगू नको."

खाणीवर मला जायचं नव्हतं, गुरुजी. मला शिकायचं होतं, तेही तुमच्याकडूनच. पण तुम्ही रोज मला बोलावत राहिलात, रोज वरून खडू सोडत राहिलात, आणि मी रोज हात मागे घेत राहिले. पेटीतला एकेक खडू फरशीवर मोडत गेला. हेडमास्तर कुरकुरले, नवी पेटी मिळेना. शेवटी पेटीत नुसते तुकडे उरले.

मग इन्स्पेक्टर आले. तुम्ही हौसेनं तोच धडा काढलात आणि विचारलंत, ही सगळी क्रियापदं फळ्यावर कोण लिहील? साऱ्या वर्गात एकटा माझा हात वर. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत. दुसरा हात काही वर येईना. तुम्ही पेटीतला एक तुकडा उचललात आणि सवयीनं वर धरलात. मी ओंजळ केली नाही. लोक घेतात तशी चिमूट पुढे केली आणि थांबले. इन्स्पेक्टर बघत होते. तुमचा हात खाली आला. तुकडा एवढासा होता की तुमचं बोट माझ्या बोटाला लागलं. मी चक, टॉस, डम्प, ड्रॉप, सगळं वळणदार अक्षरात लिहिलं. मागे वळले तर तुम्ही ते बोट धोतराला पुसत होतात.

माझ्या फॉर्मवर पुढं तुम्ही सही केलीत. मी मॅट्रिक झाले, याच गावात इंग्रजीची बाई झाले. लोक म्हणतात, सही केली ना, आता सोडून द्या. तेव्हाचे दिवसच तसे होते म्हणतात. दिवस खडू टाकत नाहीत, गुरुजी. तुम्ही टाकलात. ते बोट पुसलेलं मी विसरले नाही, विसरणारही नाही. माझ्या वर्गात प्रत्येक पोराला खडू हातात मिळाला, आणि तो तुमच्या नाकावर टिच्चून मिळाला.

तुमचा मुलगा अजून त्याच घरात राहतो. हे पत्र त्याच्या पत्त्यावर धाडता येईल, पण पोस्टमन सायकलवरूनच अंगणात भिरकावून जातो. मी तुम्हाला काही द्यायचं तर हातातच देईन, आणि तो हात आता नाही. तेव्हा हे माझ्याकडेच राहील.

राहता राहिलं एक. माझी सगळी नोकरी फळ्यापाशी गेली. खडूची भुकटी बोटाला चिकटते, गुरुजी. पोरांच्या हातात खडू देऊन झाला की मीही बोट पदराला पुसायची.