साडेअकराचा कागद

३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.४०

दुरुस्ती. गुरुवारच्या नोंदीत मी लिहिलंय की इमारतीच्या खालच्या बोर्डावर लावलेला नवा कागद मी पूर्ण वाचला. हे खरं नाही. मी तो पूर्ण उच्चारला. दोन्हींत फरक आहे, आणि निदान रोजनिशीत तरी माणसानं खरं लिहावं.

मात्र एकही अक्षर अडलं नाही. कोरियन लिपी मला सहा दिवसांत आली. अर्थ एकाही ओळीचा लागत नाही, पण अर्थ मागाहून येतो. सात वर्षांची होईपर्यंत मी घरीच शिकले, आत्याच्या हाताखाली. आधी पाठांतर, मग अर्थ, हा तिचा नियम. शंभर श्लोक पाठ होते तेव्हा त्यांतल्या 'शत्रू' शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. काही बिघडलं नाही.

संकल्प: तो कागद रोज सकाळी सातला जिन्यात उभं राहून खणखणीत म्हणायचा. (आज म्हटला. जिन्यात आवाज छान घुमतो.) मोबाइलमधलं भाषांतराचं ॲप काढून टाकायचं, कारण ती कॉपी आहे. (काढलं.) कोणीही मोठं माणूस काही बोललं की 'ने' म्हणायचं. ने म्हणजे हो. मोठ्यांना उलट विचारू नये, हे कुठल्याही भाषेत शोभतं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कागदातलं काहीतरी कळलं. '११.३०' असा आकडा ठळक छापलाय, दोनदा. म्हणजे साडेअकरा. भाडेकरूंची मीटिंग असणार. वार लिहिलेला नाही, म्हणजे सुट्टीचा दिवस. शनिवारी जाईन.

९ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२.१५

इस्त्रीचा ड्रेस घालून बरोबर साडेअकराला खाली उभी राहिले. मीटिंगला कोणी नव्हतं. हेल्मेट घातलेले दोघे भिंती मोजत होते. एकानं भिंतीवर मूठ आपटून कान लावला, दुसऱ्यानं वहीत टिपलं. मग एकानं मला काहीतरी विचारलं. मी ने म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा ने म्हटलं, जरा हसून. ते दोघे एकमेकांकडे बघत राहिले. माझा आत्मविश्वास त्यांना अपेक्षित नसावा.

तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब सामान हलवत होतं. मोठं घर घेतलं असेल. चांगलं आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसात माझं काम कॅलिब्रेशनचं. दिवसभर थर्मामीटर तपासायचे आणि कोणता किती चुकतो ते लिहायचं. टेबलावर मी चिठ्ठी लावली आहे: माझ्याशी फक्त कोरियनमध्ये बोला. त्याचा फार उपयोग होतोय. आज सेक्शनमधली सीनियर ताई मुद्दाम येऊन हळूहळू काहीतरी विचारत होती. तिनं दोन्ही हातांनी छप्पर करून दाखवलं, मग टेबलावर दोन बोटं चालवली. मी ने म्हटलं. मी घरून चालतच येते. तिनं कपाळाला हात लावला. तिला अंतर जास्त वाटलं असेल.

एक मात्र नक्की. महिनाभरापूर्वी माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. आता जो तो बोलतो, आणि कळकळीनं बोलतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी केअरटेकरकाका दारात आले. हातात फाईल. सगळ्या भाडेकरूंच्या सह्या होत्या, माझीच राहिली होती. बाबांनी निघताना बजावलं होतं की परक्या मुलखात वाचल्याशिवाय सही करायची नाही. मी दोन्ही पानं वाचली. मोठ्यानं. मग सही केली, त्यांच्या लिपीत. अक्षर वळणदार आलं.

काकांनी जाताना एकच प्रश्न चार वेळा विचारला. मी चारही वेळा ने म्हटलं आणि शेवटी 'ग्वेन्चानायो'सुद्धा जोडलं, म्हणजे 'काही हरकत नाही'. काका सुटल्यासारखे दिसले आणि फाईलमधलं एक नाव खोडून निघून गेले.

१७ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन. सहज बोलताना सांगितलं की बिल्डिंगमधली बरीच माणसं हल्ली दुसरीकडे राहायला गेली. आई म्हणाली, अगं, मग तुलाही खोली सोडायला सांगत नाहीत ना? विचार की कोणालातरी, तोंड शिवलंय का तुझं? मी म्हटलं, मला कोणी तसं म्हणालेलं नाही. आई म्हणाली, म्हणाले असले तरी तुला काय कळणार आहे, कपाळ? मग आत्यानं फोन घेतला. तिनं विचारलं, पाठांतर कुठवर आलं? मी बोर्डावरचा कागद तोंडपाठ म्हणून दाखवला. आत्या म्हणाली, आवाजात धार आहे, पण शेवटची ओळ जरा दटावल्यासारखी येते. मी म्हटलं, ती तशीच आहे.

आईचं बोलणं मनातून गेलं नाही. खोली गेली तर जाणार कुठे? इथे माझी ओळख ना पाळख. पण आईला पहिल्यापासूनच वाईट तेवढं आधी सुचतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दारांवर लाल रंगानं फुल्या मारल्यात. आधी रिकाम्या खोल्यांवर. आज समोरच्या आजींच्या दारावर आणि माझ्या. बहुधा रंगकाम निघालंय.

आजी एकट्या राहतात. सकाळी मी म्हणायला लागले की त्यांचं दार बोटभर उघडतं. त्या ऐकतात. म्हणून मी हल्ली त्यांच्याकडे तोंड करून म्हणते, शेवटची ओळ दोनदा. आज मी त्यांच्याकडे बघून हसले. दार लागलं. कडीचा आवाज आला, मग दुसऱ्या कडीचा.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ७.२०

आजी गेल्या. काल संध्याकाळी त्यांची मुलगी गाडी घेऊन आली होती. मी जिन्यात दिसताच आजी मुलीच्या मागे सरल्या.

लिफ्ट बंद. जिन्यातले दिवे काढून नेलेत. चार मजल्यांत उजेड फक्त माझ्या खिडकीत. आजही कागद म्हटला. ऐकायला कोणी नव्हतं, तरी आवाज वरून परत आला, आणि क्षणभर वाटलं की कोणी दुसरंच मला सांगतंय.

उच्चार मात्र खूप सुधारलेत.

२४ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.००

सीनियर ताई घरी आली. केअरटेकरकाकांनी ऑफिसात पुन्हा फोन केला होता. ताई म्हणाली, तुझ्या चिठ्ठीचा नियम मी आता मोडते, आणि इंग्रजीत बोलली.

इमारत पाडणार आहेत. ११.३० म्हणजे साडेअकरा नव्हे, अकराव्या महिन्याची तीस तारीख. शनिवार. त्याच्या आत खोली रिकामी करायची, आणि तसं मी सही करून कबूल केलंय. काकांनी चार वेळा विचारलं होतं ते हे, की तुला जायला दुसरी जागा आहे का. ज्यांना नव्हती त्यांच्यासाठी मालकानं काही खोल्या ठेवल्या होत्या. त्या यादीतलं माझं नाव काकांनी माझ्यासमोरच खोडलं.

मी विचारलं, आणि आजी? ताई म्हणाली, आजींनी काही झालं तरी जायचं नाही असं ठरवलं होतं. काकांनी समजावलं, मुलीनं समजावलं, त्या ऐकेनात. मग रोज सकाळी सातला त्यांच्या दारासमोर कोणीतरी उभं राहून, एकही शब्द न चुकता, घर सोडा म्हणून बजावायला लागलं. एकोणीस दिवस. आजींनी काकांना विचारलं होतं म्हणे, ही मुलगी मालकानं पाठवली आहे का. अठरा दिवस सहन केलं, एकोणिसाव्या दिवशी मुलीला फोन केला.

मी विचारलं, उच्चार कसे होते? ताई म्हणाली, काका म्हणत होते, फार स्पष्ट.

ताई म्हणाली, चल, आत्ताच खाली जाऊ, काकांना विचारू एखादी खोली उरली आहे का, मी बोलते. मी नको म्हटलं. गोंधळ माझा, विचारायलाही मीच हवं. तिनं वहीत एक वाक्य लिहून दिलं: मला जायला जागा नाही. कोरियनमध्ये, आणि खाली इंग्रजीत अर्थ. जाताना म्हणाली, उरली असली तरी एखादीच असेल, उशीर करू नकोस.

नाही करणार. पण वयानं मोठ्या माणसासमोर अर्धवट तयारीनं उभं राहणं मला जमत नाही. पाच दिवस सराव. जिन्यात नाही. बाथरूममध्ये, दार लावून, हळू आवाजात. काका खालच्या केबिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहेत. मी साडेचारला जाईन.

ठरलं: शुक्रवार, २९ नोव्हेंबर.