चौथे फडके

सिंदी मेघे, दि. ४ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. आनंदास अनेक आशीर्वाद, वि. वि.

गिरडला तापाची साथ आल्याचे व नलू अंथरुणाला खिळल्याचे कळले. लेकीची शुश्रूषा शिस्तीने करावी, रडून नव्हे. सोबत तोंडाला बांधायची खादीची चौपदरी फडकी पाठवीत आहे. प्रत्येकावर ज्याचे त्याचे नाव लाल दोऱ्याने शिवले आहे. यादी मी स्वतः केली. रामाजी शिंप्याने ती केवळ कापडावर उतरवली. नाक उघडे ठेवून तोंड झाकणे म्हणजे दार सताड उघडे टाकून खिडकीला कडी घालणे. फडकी रोज उकळावीत. रूपरावांनी तंबाखूसाठी ती हनुवटीवर ओढू नयेत.

लोभ असावा, परंतु फडक्याआडून.
तुझा दादा, महादेव

गिरड, दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फडकी पोचली. हे तोंडात तंबाखू टाकतात, पण तुमचे पत्र आठवले की लगेच फडके वर ओढतात.

नलूचा ताप हटत नाही. दोन दिवस पाण्याचा घोट गळ्याखाली गेला नव्हता. आता रोज संध्याकाळी एक तरुण बाई येते आणि चमच्याने पाणी पाजते. तिच्याच हातून नलू पिते. सारे गाव तोंड बांधून फिरते, ओळखावे कसे? कोणाची गं तू, असे विचारले तर म्हणाली, "घरचीच व्हय." आम्ही तिघे, फडकी आली चार. चौथे मी न उलगडता खुंटीवर ठेवले होते. तेच तिने बांधले आहे. नाव घडीत जाते, दिसत नाही.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुमची आनंदा

सिंदी मेघे, दि. १३ फेब्रुवारी

चि. सौ. आनंदास आशीर्वाद.

फडकी तीनच होती. तुझी मोजदाद बालपणापासून कच्ची, हे सिद्ध करण्यासाठी यादी काढली. यादीत चार नावे आहेत. चौथे माझ्याच अक्षरात, वळणदार: पंचफुला.

बत्तीस वर्षांपूर्वीच्या साथीत तू लहान होतीस. मी नागपूरहून शिकून आलो होतो. आपल्या बहिणीच्या, पंचफुलाच्या खोलीला बाहेरून कडी मीच घातली. ती पाणी मागत मागतच गेली. रोगाचे शास्त्र मला ठाऊक होते; मी कोणालाही आत जाऊ दिले नाही.

त्या बाईला घरात घेऊ नकोस. दाराला कडी घाल. मी स्वतः आलो असतो, परंतु कालपासून अंगात कसकस आहे.

महादेव

गिरड, दि. १७ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार.

पत्र परवा मिळाले. कडी मी घातली नाही. या घराण्यात एकदा घातली, तेवढी पुरे.

नलूचा ताप उतरला. आज उठून बसली, ज्वारीच्या कण्या खाल्ल्या, वर लोणचे मागितले.

ती बाई काल शेवटची आली. जाताना तिने मला विचारले, "दादाले पानी कोन देते?" मी म्हटले, ते एकटेच राहतात. त्यावर म्हणाली, "मंग मीच जातो." समुद्रपूरच्या एसटीकडे चालत गेली. तुमच्या कसकशीचे मी तिला सांगितले नव्हते.

खुंटी रिकामी आहे. म्हणजे ती फडके बांधूनच येईल, दादा; तुमच्या नियमात काही कमी पडणार नाही. तुम्ही फक्त दार उघडा.

तुमची आनंदा