बुवांची तोडी, पेटीविना

अप्पा,

गेल्या गुरुवारी सकाळी रेडिओवर एका गवयाच्या साथीला पेटी वाजली. शेवटी निवेदिकेने पेटीवादकाचे नावही घेतले. इतकी वर्षे रेडिओवर साथीच्या पेटीला मज्जाव होता, तो उठला आहे. हे तुम्हाला कळवावे, असे आधी मनात आले आणि तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली, हे त्यानंतर. तरीही लिहायला बसलो आहे, कारण सांगायचे राहिलेले आणखीही काही आहे.

वाईत तुम्ही पेटी शिकवत होता आणि आपल्या गवई बुवांना बावीस वर्षे साथ करत होता. बैठकीआधी बुवांचे तंबोरे तुमच्या पेटीवरून लागत. तुम्ही काळी एक ही पट्टी दाबून धरायची, बुवांनी खुंट्या पिळायच्या, आणि तुमची मान हलल्याशिवाय पुढे काही व्हायचे नाही. गवयाचा गळा रोज बदलतो, पेटी बदलत नाही, तेव्हा विसंबावे पेटीवर, असे तुमचे म्हणणे होते. एकदा मी तुमचा मध्यम किंचित चढा आहे असे म्हणालो. "बी.कॉम. झालास म्हणून कानही झाला असं समजू नकोस," असे तुम्ही सुनावलेत. दुसऱ्या दिवशी मात्र पेटी उघडून, कोणी पाहत नाही अशा बेताने, तो सूर घासून उतरवलात. मी दारात उभा होतो. तुम्हाला मी तेव्हापासून अधिकच मानू लागलो.

मी सांगलीला आलो त्या वर्षी रेडिओने एक अख्खा रविवार शास्त्रीय संगीताला दिला होता आणि सकाळच्या सभेत आपल्या बुवांचे गायन होते. तुम्हाला अर्थातच बोलावणे नव्हते. सांगलीत हळदीच्या पेढीवरची माझी नोकरी नवी, बिऱ्हाड नवे, रेडिओही नवा. तुम्हाला मुद्दाम बोलावून घेतले, तर तुम्ही पेटी घोंगडीत गुंडाळून बरोबर घेऊन आलात. "अप्पा, ऐकायला आलात की वाजवायला?" असे मी विचारले. तुम्ही म्हणालात, "बुवा गाणार आणि मी हात बांधून बसू? तिथं बसू देत नाहीत ना, मग इथून करतो साथ."

सकाळचे साडेआठ वाजले आहेत. तुम्ही धुतलेले धोतर नेसून रेडिओसमोर सतरंजीवर बसला आहात, बैठकीला बसता तसेच, थोडे डावीकडे सरकून, बुवांना जागा ठेवून. तंबोरे ऐकू येतात. तुम्ही काळी एक दाबता आणि लगेच सोडता. तिच्या खालची पांढरी एक दाबता आणि तीही सोडता. बुवांचा षड्ज दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लागला आहे. तुम्ही वाट पाहता. बुवा तोडीचे आलाप सुरू करतात, गंधारावर हवे तेवढे रेंगाळतात, वर तार षड्जाला जातात आणि तिथे निवांत थांबतात. तुमची बोटे पट्ट्यांवर नुसती टेकलेली आहेत.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे हवालदार, तासगावकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले, रेडिओ ऐकायला खाली आले. पाच मिनिटे उंबऱ्यात बसून त्यांनी ऐकले आणि म्हणाले, "आवं अप्पा, तुमची पेटी का गप?"

"सूर जुळत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या की. पेटीबिगार बी लय ग्वाड गातोय तुमचा बुवा. आज कसा मोकळा सुटलाय बघा."

तुम्ही भाता बंद केलात आणि पेटीवर घोंगडी घातलीत. हवालदारांनी ते भाबडेपणाने म्हटले होते, त्यांच्यावर तुम्ही रागावला नाहीत. गाणे संपल्यावर स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा घेताना, सुनेला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात तुम्ही मला विचारलेत, "खरं सांग. या यंत्रात सूर उतरतो का रे?"

यंत्रात आवाज खरखरतो, लहानमोठा होतो, सूर उतरत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. बुवांची खरी पट्टी तीच होती आणि बावीस वर्षे ते तुमच्या काळी एकपर्यंत गळा ताणत आले होते, हेही मला त्या सकाळी कळले होते. तुम्ही बशी खाली ठेवून माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी म्हणालो, "उतरतो. विजेचा दाब कमी असला की होतं तसं."

"किती उतरतो?"

"अर्ध्या पट्टीपर्यंत."

"तरीच," असे म्हणून तुम्ही उरलेला चहा प्यायलात. मग दुपारी सतार लागली, संध्याकाळी आणखी एक गवई झाले, आणि तुम्ही प्रत्येकाचा सूर मनातल्या मनात अर्धी पट्टी चढवून ऐकत राहिलात. रात्रीच्या जेवणापर्यंत हवालदारही जिन्यात कोणाला तरी सांगत होते, "लाईट कमी हाय, त्यानं समदे गवई उतरल्यात."

त्याच हिवाळ्यात औंधला यमाईच्या देवळात बुवांची बैठक होती. साथीला तुम्ही होता, आणि मीही मागे बसलो होतो. तंबोरे लावताना तुम्ही बुवांना म्हणालात, "रेडिओवर तुम्ही उतरलेले ऐकू आलात. आमचा मुलगा म्हणतो, विजेचा दोष आहे." बुवांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. "असेल, असेल. यंत्रच ते," असे म्हणून त्यांनी खुंटी पिळली आणि तंबोरा तुमच्या पेटीला मिळवला. मग ते तासभर गळ्याच्या शिरा ताणून गायले. एके ठिकाणी तार षड्जावर त्यांचा आवाज फुटला, तेव्हा तुमच्या पेटीने तो सूर असा उचलून धरला की पुढच्या ओळीतल्या जाणत्या लोकांनाही ते कळले नाही. बुवांनी डोळे मिटूनच तुमच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात पाहून, खोटे बोललो ते बरेच केले असे मला वाटले, आणि आजही वाटते.

हे कागद घडी करून ठेवीन. पाकीट आणलेले नाही. पण लिहिलेच आहे तर पुरते लिहितो. त्या रविवारी तुम्ही माझ्या शेजारी पेटी झाकून बसला होता, तुमच्याकडे पाहवत नव्हते, आणि तरीही बुवांचे ते गाणे संपू नये असे मला वाटत होते. अप्पा, बुवांचे इतके चांगले गाणे मी त्याआधी कधी ऐकले नव्हते.