त्या नटाला समोरून हलवा

लॉस एंजेलिस, १० मार्च १९९२

ती. अण्णांना पद्मजाचा नमस्कार,

मी बरी आहे. सिनेमाच्या कपडेपटातलं काम आता अंगवळणी पडलंय, काळजी नको. आईचा गुडघा कसा आहे? शिवमंदिरापर्यंत चालते का?

आमच्या सिनेमात एक म्हातारा कादंबरीकार पुढाऱ्याचं काम करतोय. टीव्हीवर सरकारला तोंडावर सुनावणारा म्हणून त्याला इथे सगळे ओळखतात. मी त्याच्या कोटाची बटणं लावते. परवा त्याला एका जखमी कामगाराकडे बघून खोटं बोलायचं होतं, "चूक याचीच होती." वाक्य त्यानेच लिहिलेलं, तरी नऊ वेळा अडखळला. शेवटी म्हणाला, "त्या नटाला समोरून हलवा." हलवल्यावर एका दमात बोलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठले नाहीत.

आईने लिहिलंय, कारखान्यातल्या अपघाताच्या चौकशीतली जबानी तुम्ही आरशासमोर पाठ करता. तिच्यावर रागावू नका. ॲसिड उडालं तेव्हा तुमच्या खात्यातल्या धर्मराजने गॉगल स्वतःच काढला होता, असं सांगायला कंपनीने तुम्हाला लिहून दिलंय म्हणे. अहो, स्टोअरमध्ये गॉगल नव्हतेच, तीनदा मागवले, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलं होतंत ना?

रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत, मला कळतं. घराचं मी बघेन.

पण अण्णा, तिथे धर्मराजला कोणी हलवणार नाही. तो चामटोलीहून येऊन तुमच्या समोरच बसेल. त्याला तुम्ही दिसणार नाही, पण तुमचा आवाज तो ओळखतो.

तुमचीच,
पद्मजा